उभ्यानं चाललेलं इंजिन

जुनी गाडी बघायला जायचं असलं की मी गिऱ्हाइकाला आधी एक गोष्ट सांगतो. मालकाला फोन कर आणि बोल, मेस्त्री येईपर्यंत इंजिनाला हात लावू नको. थंड इंजिन सकाळी पहिल्यांदा कसं उठतं, खोकतं का, कुठल्या रंगाचा धूर टाकतं, यात माझं निम्मं काम होऊन जातं. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर समजायचं, काहीतरी झाकलेलं आहे.

मी मेस्त्री. आडनावही तेच आणि धंदाही तोच, त्यामुळे मला नावाने हाक मारणारं आता घराबाहेर कुणी उरलेलं नाही. कळव्याच्या एका गॅरेजमध्ये हाताला पहिलं ग्रीस लागलं. पुढे शीळफाट्याला स्वतःची शेड टाकली. आता शेड भाचा सांभाळतो आणि मी फक्त लोकांसोबत जुन्या गाड्या बघायला जातो. लग्नाआधी मुलीकडे एखाद्या जाणत्या माणसाला पुढे घालतात ना, तसं. फरक एवढाच की मुलीकडचे पोहे देतात, गाडीवाले चहासुद्धा संशयाने देतात.

आमच्या सोसायटीचे कुलकर्णी सर दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून मागे लागले. धंद्यातले गमतीचे किस्से सांगा, म्हणाले. ते आहेतच. पण लिहायला बसलो तेव्हा हाताखाली दुसरंच आलं.

आधी थोडं गाड्यांचं सांगतो. कंटेनर ओढणारी जी लांबलचक गाडी तुम्ही हायवेला बघता, तिचे दोन भाग असतात. मागचा लोखंडी सांगाडा म्हणजे ट्रेलर. पुढचा, ज्यात इंजिन आणि केबिन असते, त्याला आम्ही घोडा म्हणतो. विकत घेणारा माणूस घोड्याचे किलोमीटर बघतो. कमी फिरलाय म्हणजे चांगला, असं त्याला वाटतं. पण घोडा उभा असतानाही त्याचं इंजिन चालू असू शकतं. बंदराबाहेर रांगेत, गोदामाच्या दारात, ड्रायव्हर एसी लावून झोपलेला असताना. तेव्हा किलोमीटर एकही वाढत नाही. वाढतात ते तास, आणि ते वेगळे मोजले जातात.

असं उभ्यानं चाललेलं इंजिन पळणाऱ्या इंजिनापेक्षा लवकर खराब होतं, हे कुणाला पटत नाही. त्याला पुरेशी उष्णता मिळत नाही. डिझेल नीट जळत नाही, अर्धवट जळलेलं खाली ऑइलमध्ये उतरतं. सिलिंडरच्या भिंती आतून घासून घासून आरशासारख्या गुळगुळीत होतात, मग त्यावर ऑइल थांबत नाही. बाहेरून गाडी नवी नवरी आणि आतून दमेकरी.

एकदा कल्याणच्या एका पार्टीचा घोडा बघितलेला. किलोमीटर अगदी कमी, रंग झकास, पण इंजिनाचा पार खुळखुळा. केबिनमध्ये चढलो तर मागच्या बर्थवर पत्त्यांचा कॅट. मालक आणि त्याचे तिघे मित्र उन्हाळाभर दुपारी एसी लावून आत रमी खेळत बसायचे. घरी बायका खेळू देत नव्हत्या. "मेस्त्री, गाडी तर जागची हलली पण नाय!" मालक म्हणाला. मी म्हटलं, "हलली असती तर वाचली असती."

हा किस्सा मी चारचौघांत हसत सांगतो. पुढचा सांगत नाही.

दिलीप जगताप नावाचा ड्रायव्हर माझ्या ओळखीचा होता. मूळचा साताऱ्याकडचा, राहायला कल्याण पूर्वेला. सगळं आयुष्य दुसऱ्याच्या गाड्यांवर काढलेलं. मालकाने बोलवलं की जायचं, मालकाने शिवी दिली की गिळायची. चाळिशी उलटल्यावर त्याने ठरवलं, आता स्वतःचा घोडा घ्यायचा, नाहीतर स्टिअरिंग सोडायचं. त्याची बायको शिवणकाम करायची. तिने त्याला सांगितलेलं, गाडी घ्या, पण मेस्त्रींनी हो म्हटलं तरच.

मे महिन्यात एका सकाळी त्याचा फोन आला. आवाज नुसता उड्या मारत होता.

"मेस्त्री, सापडला. शीळफाट्याच्या आतल्या बाजूला, म्हात्रे म्हणून आहेत. नुसता उभा ठेवलेला घोडा. टायरची नक्षी पण गेलेली नाय. बघाल तर खुळे व्हाल."

"इंजिन चालू करू नका म्हणून सांगितलंस?"

"सांगितलं. पण तो माणूस काय बोलला माहितीय? बोलला, ते जमणार नाय."

आम्ही गेलो. म्हात्र्यांचं घर म्हणजे जुनी शेतजमीन बिल्डरला देऊन उरलेल्या तुकड्यावरचा दोनमजली बंगला. चारी बाजूंनी टॉवर उठलेले, मध्ये हा. बाजूला तीन अंगांनी पत्रे ठोकलेली शेड. तिथे पोचायच्या आधीच मला इंजिनाचा आवाज आला. एका लयीत, संथ. जवळ गेलो तर घोडा शेडमध्ये उभा, काचा बंद, आणि केबिनमध्ये डाव्या बाजूला एक बाई बसलेली.

जनार्दन म्हात्रे पुढे आले. माझ्याच वयाचे, अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "ती बंद नाय करत आम्ही. सकाली चालू करतो, दिवाबत्तीला बंद करतो."

"रोज?"

"रोज."

"कशाला?"

त्यांनी केबिनमधल्या बायकोकडे बघितलं. "ती आमची मानसं. हिराबाई."

मग त्यांनी थोडक्यात सांगितलं, आणि त्यांना ते सांगायची सवय नव्हती हे कळत होतं. हा घोडा त्यांनी मुलासाठी घेतलेला. जयेश, एकुलता एक. शिकला बऱ्यापैकी, पण गाड्यांचं वेड. जेमतेम दोन महिने बंदर ते भिवंडी चालवली त्याने. एका दुपारी परत जाताना घरासमोर थांबला आणि खालूनच आईला हाक मारली, डबा दे, निघायचंय. ती मासे तळत होती. बाहेर इंजिन चालू होतं, म्हणजे पोरगा थांबलाय, असं समजून तिने घाई केली नाही. डबा घेऊन बाहेर आली तेव्हा तो स्टिअरिंगवर कपाळ टेकून पडलेला होता. हार्ट. तिशीसुद्धा पुरी नव्हती.

"इंजिन शेजाऱ्यांनी बंद केलं," म्हात्रे म्हणाले. "ती तेच धरून बसली. बोलते, बंद केलं म्हनून गेला. चालू होतं तवर होता."

दिलीप पायाने माती उकरत उभा होता. त्याला ही गोष्ट माहीत नव्हती, त्याने फक्त टायर बघितलेले.

"विकताय हे वहिनींना माहितीय?" मी विचारलं.

"नाय." म्हात्र्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. "तिचं डोकं दुखतं, उलट्या होतात, जेवन जात नाय. मी बोलतो गाडी नजरेआड झाली की सुधरेल. तुम्ही आधी बघा तर."

हिराबाईंना जेवायच्या निमित्ताने खाली उतरवलं. बाई वाळलेली, चेहरा मात्र लालसर, तापातल्यासारखा. उतरताना त्यांनी माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाल्या, "बघा काय बघाचं ते. पन बंद नका करू. आनि तिकडच्या सीटवर नका बसू."

ड्रायव्हरच्या सीटवर धुवून घडी घातलेला टॉवेल होता. सीटचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. डावी सीट मात्र बसून बसून खोल गेलेली, तिचा फोम दबलेला. मी इतक्या गाड्या बघितल्या, ड्रायव्हरची सीट नवी आणि बाजूची झिजलेली असा घोडा कधी बघितला नव्हता.

मी डाव्या सीटवर बसलो. दिलीपला खाली टायर आणि ब्रेकच्या हवेच्या नळ्या बघायला सांगितलं. दार लावून घेतलं, कारण बंद केबिनमध्ये कुठली थरथर जाणवते ते बघायचं असतं. मशीन जोडलं, तास वाचले. फिरण्याचे तास मूठभर आणि बाकी सगळे उभ्याचे. इंजिन संपलेलं होतं, मीटर न बघताही सांगता आलं असतं. सायलेन्सरच्या तोंडाशी काळा ओलसर चिकटा गळत होता.

तेवढ्यात इंजिनाचा आवाज चढला. कुणी ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवावा तसा. काही क्षण चढलेला राहिला आणि परत खाली आला. मला कारण माहीत होतं. हवेची नळी कुठेतरी गळत असणार. टाकीतली हवा कमी झाली की कंप्रेसर चालू होतो, इंजिनावर भार येतो, कॉम्प्युटर आपोआप जोर वाढवतो. थोड्या वेळाने पुन्हा चढला. पुन्हा उतरला. एसीची गार हवा येत होती, बाहेर ऊन रणरणत होतं, आणि त्या चढण्या-उतरण्यात एक गुंगी होती. जणू कुणी विचारतंय आणि कुणी हुंकार देतंय.

मला वाटलं आता उतरावं. पण उतरलो नाही. हात मांडीवर पडलेले, ते उचलायचा कंटाळा आला. डोक्यात मागच्या बाजूला काहीतरी ठोकत होतं.

आणि मग उजव्या सीटवर माणूस होता.

तो आला असं मला दिसलं नाही. तो होताच, आणि माझं लक्ष आत्ता गेलेलं. उजवं कोपर खिडकीत टेकवलेलं, मान बाहेरच्या आरशाकडे, पाठ अर्धी माझ्याकडे. ट्रेलर मागे घेताना ड्रायव्हर बघतात तसा तो आरशात बघत होता. मानेवर केस नुकतेच कापलेले. मला भीती वाटली नाही, हे मला आजही सगळ्यात जास्त खटकतं. उलट बरं वाटलं. ड्रायव्हर आला, आता निघूया, इतकंच मनात आलं. इंजिनाचा आवाज चढला. मी त्याला काहीतरी बोलणार होतो.

दार उघडलं आणि मी दिलीपच्या अंगावर पडलो.

"मेस्त्री! ओ मेस्त्री! किती हाका मारल्या, डोळे उघडे आणि बघताय भलतीकडेच!"

त्याने मला ओढत शेडच्या बाहेर नेलं. मी भिंतीला धरून ओकलो. उजेड डोळ्यांत सुयांसारखा टोचत होता. श्वास जरा खाली बसला तसं पहिलं जे माझ्या डोक्यात आलं ते त्या माणसाबद्दल नव्हतं. ते हिराबाईंच्या लाल चेहऱ्याबद्दल होतं.

मी तोंडाला रुमाल बांधून परत गेलो, हात आत घालून चावी फिरवली आणि इंजिन बंद केलं.

इतकी शांतता झाली की पत्रा उन्हाने तडकल्याचा आवाज आला. घरात भांडं पडलं. हिराबाई धावत बाहेर आल्या, हाताला भात लागलेला.

"कोनी बंद केली? कोनी?"

"मी, वहिनी."

त्या माझ्या अंगावर आल्या. मारतील असं वाटलं. पण मध्येच थांबल्या आणि शेडकडे बघत राहिल्या, घरातून पाहुणा निघून जाताना बघावं तशा. म्हणाल्या, "आता आलेला तो. आत्ताच तर बोलत होता."

म्हात्रे पुढे झाले. "कोन बोलत होता?"

"जयेश. कोन मंजे काय? रोज येतो." मग त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. "तुमाला काय वाटलं, मी एसी खायला बसते?"

म्हात्र्यांनाही हे माहीत नव्हतं. बायको दुःखाने गाडीत बसते, एवढंच ते इतके दिवस समजत होते.

मी दिलीपला घेऊन केबिन पुढे झुकवली. खाली, इंजिनापासून सायलेन्सरला जाणारा लवचीक पाइप फाटलेला होता, भोवती सगळं काजळीने काळं. आणि बरोबर त्याच्या वर, गिअरच्या दांड्याभोवतीचं रबर चिरलेलं. थंड इंजिनाचा अर्धवट जळलेला धूर तिथून केबिनमध्ये शिरत होता. तीन बाजूंनी बंद शेड, बंद काचा, तीच तीच हवा फिरवणारा एसी. एक बाई दिवसभर तो गॅस घेत होती. त्याला वास फारसा येत नाही. आधी डोकं दुखतं, मग गुंगी येते, मग नाही नाही ते दिसतं, आणि मग माणूस उठत नाही.

मी म्हात्र्यांना हे सगळं समजावलं, पाइप दाखवला, काजळीला बोट लावून दाखवलं. ते ऐकत होते. "मंजे तिला जे दिसायचं ते…" त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"गॅसमुळे. होतं असं."

"तुमाला काय दिसलं का?"

दिलीप माझ्याकडे बघत होता. हिराबाई पायरीवर बसलेल्या, हाताचा भात वाळत चाललेला.

"चक्कर आली," मी म्हटलं. "दिसलं काही नाही."

त्याच दुपारी दिलीपने रिक्षा आणली आणि आम्ही हिराबाईंना डोंबिवलीला डॉक्टरकडे नेलं. मलाही तपासलं. डॉक्टर म्हणाले, रक्तात विषारी वायू आहे, आणखी काही दिवस असंच चाललं असतं तर बाई तिथे बसल्या जागी गेल्या असत्या. त्यांना नाकाला नळी लावून ठेवून घेतलं. नळी लावल्यावर नवऱ्याला म्हणाल्या, "विका."

दिलीपला मी स्पष्ट सांगितलं की हे इंजिन घेऊ नको. घ्यायचंच असेल तर पूर्ण खोलून बांधायचं, तेवढा भाव पाडून घे. तो दोन आठवडे आला नाही. मग एक दिवस शेडवर येऊन बसला.

"बायको बोलते, घ्या. मी तिला सगळं सांगितलं. ती बोलते, ज्या गाडीत आई एवढी वाट बघत बसली ती गाडी वाईट कशी असेल?"

"आणि तुझं काय म्हणणं?"

"मला भीती वाटते, मेस्त्री. पण दुसऱ्याच्या गाडीवर जायची त्याहून जास्त वाटते."

भाव म्हात्र्यांनी स्वतःच पाडला, कुणी मागायच्या आधी. इंजिन माझ्या शेडवर खोललं. सिलिंडरच्या भिंती आतून इतक्या गुळगुळीत झालेल्या की टॉर्च मारल्यावर त्यात माझा डोळा दिसला. भिंतींना नवे लाइनर, म्हणजे आतलं लोखंडी अस्तर, घातले, पाइप बदलला, रबर बदललं, हवेच्या नळीची गळती काढली. आवाज चढणं-उतरणं बंद झालं. गाडी नेण्याच्या दिवशी दिलीपच्या बायकोने नारळ वाढवला. हिराबाई आल्या नाहीत. सीटवरचा टॉवेल तेवढा मी भाच्याबरोबर परत पाठवला.

दिलीप आजही तोच घोडा चालवतो. गाडी उत्तम चालते. माझ्याशी गाडीबद्दल सगळं बोलतो, एका गोष्टीबद्दल कधीच बोलत नाही, आणि मीही विचारत नाही. भाचा सांगतो, दिलीपभाऊ कुठेही मिनिटभर थांबले तरी इंजिन बंद करतात. डिझेल वाचवत असेल.

ही गोष्ट इथे संपली असती तर मी ती रमीच्या किश्श्यासारखी सांगत फिरलो असतो. फाटका पाइप, गॅस, वाचलेली बाई. माझ्या धंद्याची शानच आहे त्यात.

पण गणपतीत म्हात्र्यांनी आग्रहाने जेवायला बोलावलं. गेलो. शेड काढून टाकलेली, तिथे झेंडू लावलेला. हिराबाई भरल्या होत्या, चेहऱ्यावर माणसासारखा रंग आलेला. वाढत होत्या, सुनांना ओरडावं तसं पुतण्याच्या बायकोला ओरडत होत्या. जेवण झाल्यावर ओट्यावर आम्ही तिघे बसलो. म्हात्रे सुपारी कातरत होते.

हिराबाई म्हणाल्या, "मेस्त्री, डोकं थांबलं माजं. जेवन जातं. तुमी केलं ते बरंच केलं, मी शिव्या दिल्या त्या मनात नका ठेवू."

"कुठे दिल्या?"

"मनातल्या मनात दिल्या." त्या हसल्या. मग जरा वेळाने, "डाक्तर बोलला, सगला धुराचा खेल होता. असंल. धुराचाच असंल. पन मी इचार करते, धुराला कसं ठाऊक? तो कदी माज्याकडं बघाचा नाय. मी बोलाची, तो ऐकाचा, गाडीचा आवाज वाढवून हां करायचा. पन बसाचा पाठ करून. कोपर खिडकीन, आनि नजर भायरच्या आरशान. नवीन केस कापलेले. मी बोलाची, बाला, एकदा तरी तोंड फिरव. नाय फिरवलं."

त्या दुपारी मला काय दिसलं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. दिलीपला नाही, माझ्या बायकोला नाही.

हिराबाई माझ्याकडे बघत होत्या. बाईचे डोळे आता स्वच्छ होते, गॅसने तांबारलेले नव्हते.

"तुमी डाव्या सीटवर बसलेलेत," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणालो. मग तेही सांगितलं. कोपर, मान, आरसा. जेवढं दिसलं तेवढंच.

त्या रडल्या नाहीत. मांडीवरचा पदर नीट केला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मंजे मी येडी नव्हते."

म्हात्र्यांनी अडकित्ता खाली ठेवला. ते झेंडूकडे, जिथे शेड होती तिकडे, वळले. मग माझ्याकडे न बघता बोलले, आणि तो आवाज साठीतल्या माणसाचा नव्हता.

"मी पन बसाचो मेस्त्री. ही आंघोलीला गेली की रोज सकाली बसाचो, त्याच सीटवर, गाडी चालू करून, काचा लावून. मना कधी का नाय दिसला?"